वाघबारशीचं पुस्तक न्हाई

"हे घ्या ताई, तुमच्यासाठी पण निघालं एक!"

शर्वरी मॅडमनी पुस्तक उघडून माझ्या पुढ्यात धरलं. गुळगुळीत कागद. शेकोटीभवती माणसं नाचत व्हती. कमरेला झाडपाला. डोक्यात पिसं. हातात भाले. अंग काळंकुळकुळीत आन् दात तेवढे पांढरे. बायांच्या अंगावरबी पालाच. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, डोंगरातले लोक सण साजरा करतात.

खोलीत आमी पाचजणी. चौघी खुर्चीवर. मी खाली सतरंजीवर, खोक्यातून पुस्तकं काढून द्यायला. चौघींनी आधी चित्र बघितलं. मग मला बघितलं. मग परत चित्र.

मोठ्या मॅडम, म्हंजे आमच्या हेडबाई, म्हणल्या, "वा! शनिवारी असाच ड्रेस करून या. मुलांना फार मजा येईल."

एकजण फिस्सकन हसली. मग सगळ्याच हसल्या. माझं तोंडबी हसल्यासारखं झालं. नोकरीत तोंडाला तशी सवय लागती.

शर्वरी मॅडम म्हणल्या, "पाल्याचं टेन्शन घेऊ नका. मी क्रेप पेपरचा करून देते."

आता हे काय चाललं व्हतं ते सांगते. शाळेत मी नीट पुस्तकी बोलते, पण हे माझ्या घरच्या बोलीत सांगणार. शाळा आमची आळेफाट्याजवळ. इंग्रजी मीडियम, दारात पिवळ्या बसगाड्या. दिवाळीच्या सुट्टीआधी बालवर्गात सणांचा शनिवार असतो. दरएक मॅडमनी एका सणाचं पुस्तक घ्यायचं, त्या सणाचा पोशाख करायचा, पोरांना गोल बसवून वाचून दाखवायचं. आईबाप येत्यात, मोबाईल वर धरून उभं राहत्यात. त्यासाठी पुण्याचा पुस्तकवाला खोकी देऊन गेला व्हता. त्यातली चांगली निवडून वर्गात ठेवायची, बाकीची माघारी. ती निवड चालली व्हती.

मीबी त्याच वर्गावर शिकवते. शिक्षण माझं त्या चौघींइतकंच, एकीपेक्षा तर जास्तच. पण त्या मॅडम आन् मी ताई. पोराला शी झाली, ताई. डबा सांडला, ताई. पयल्या दिवशी मोठ्या मॅडमनी गाव विचारलं, मी म्हणलं डिंभ्याच्या धरणाच्या वर, डोंगरात. तवाच माझी ताई झाली ती झालीच.

आमी महादेव कोळी. भात, नाचणी, वरई करणारी माणसं. नवरा नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोची पिकअप चालवतो म्हणून आमी खाली आलो, फाट्यावर भाड्याच्या खोलीत राह्यलो. पोरगी तनू, चार वर्सांची, माझ्याच वर्गात. ताई म्हणा न्हाईतर बाई म्हणा, माझं काय अडलं न्हव्हतं. अडलं ते तनूपाशी. माझी पोर मला कोण समजती, एवढीच माझी दौलत. तिलाच हात लागला.

आन् हात लावणारी बाई वाईट न्हाई. तेच तर लई वाईट. वाईट असती तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

शर्वरी मॅडम म्हंजे संस्थेच्या सूनबाई. पुण्याच्या. कधी आवाज चढवत न्हाईत. पोरांचा शेंबूड बघून तोंड फिरवत न्हाईत. तनूला मांडीवर घेत्यात. पुस्तक पोरांकडं तोंड करून धरत्यात आन् आपण वरून वाकून उलटं वाचत्यात, सरसर, एक अक्षर न अडखळता. हे त्यांना कुणी शिकवलेलं न्हाई. त्यांच्या आईनं त्यांना असंच वाचून दाखवलंय, त्यांच्या आईच्या आईनं तिला. मी घरी कुकरच्या शिट्ट्या होईस्तवर उलटं वाचायची प्रॅक्टिस करते. तरी माझं बोट ओळीवरून घसरतंच.

जळते मी. सरळ सांगते. लोकं भाषणात म्हणत्यात, अन्यायाची चीड आली, स्वाभिमान जागा झाला. माझा आधी जळफळाट जागा झाला. स्वाभिमान मागनं आला, डोळे चोळत.

त्या दिवशी खोकी उघडली आन् माझ्या पोटात आगच पडली. दिवाळीची पुस्तकं तर ढिगानं. एकात गोरीपान आजी समईच्या उजेडात नातवाला उटणं लावत व्हती. नऊवारी, नाकात नथ, दात सगळे जाग्यावर. शर्वरी मॅडम ओरडल्या, "अय्या, ही अगदी माझी आजी!" चौघी वाकून बघायला लागल्या. मीबी मान लांब करून बघितली. माणसाचं बालपण असं छापून येतं? जाड पुठ्ठ्यात? लाळ गळली तरी पुसता येईल असल्या कागदावर?

गणपतीची निघाली. होळीचं निघालं. नाताळाचं निघालं, त्यात घरांवर बर्फ. आळेफाट्याला कुणाच्या बापानं बर्फ पडलेला बघितलाय? रसवंतीत गोणपाटाखाली असतो तेवढाच आमचा बर्फ. तरी त्याचं पुस्तक हाय. ईदचं एक निघालं, शिरखुर्म्याची वाटी धरलेली पोरगी, लई गोड. मी तिच्यावरबी जळले. कुणाला सोडलं न्हाई.

मग न राहवून मी विचारलं, "मॅडम, वाघबारशीचं एखादं नाही का?"

मोठ्या मॅडमनी चष्मा खाली केला. "वाघबारस? अहो ताई, बिबट्यामुळं आपण शाळा लवकर सोडतो. मुलं बाथरूमला एकटी जात नाहीत. आणि तुम्ही वाघाची पूजा शिकवणार?"

आमच्या भागात बिबट्याला वाघच म्हणत्यात. उसात वाघ, केळीत वाघ, गोठ्यामागं वाघ. पोरांची भीती खोटी न्हाई, तेव्हा मी गप बसले. माझं पडलेलं तोंड बघून शर्वरी मॅडमनी सगळं खोकं उपसलं आन् तळातनं ते झाडपाल्याचं पुस्तक काढलं. माझं मन राखायला. दयेनं मारलेला फटका असा असतो, वरडताबी येत न्हाई.

पुस्तक पिशवीत घालून घरी आणलं. वाचून ठेवा म्हणल्या व्हत्या. मी भाकरी थापत व्हते, तवर तनूनं पिशवी उचकली.

"आई, ह्या कोण?"

"कुणी न्हाई. ठेव ते."

"शर्वरी मॅडम म्हणल्या हे तुझ्या आईचं गाव."

माझा हात परातीतच राह्यला. तनूनं बोट एका बाईवर ठेवलं, पाला नेसलेल्या. "आजी अशी हाय?"

आजी म्हंजे माझी आई. तनूनं तिला बघितलंय, पण तनू तवा लई लहान व्हती. आई डोंगर सोडून खाली उतरत न्हाई, आन् आमचं वर जाणं सुट्टी मिळंल तसं. तनूच्या ध्यानात आजी राह्यलीच न्हाई. ती जागा रिकामी व्हती. तिथं आता हे चित्र येऊन बसलं.

"आपली आजी अशी न्हाई."

"मग कशी?"

मी सांगायला लागले. काष्ट्याचं लुगडं, कपाळाला गोंदण, हातात कोयता. तनूनं ऐकलं न ऐकलं केलं. "मला न्हाई जायचं तिच्याकडं. मला मॅडमनी दाखवली ती उटणंवाली आजी पायजे."

त्या कागदाच्या म्हातारीवर मी सवतीवानी जळले. भाकरी करपली, ती तशीच खाल्ली.

माझ्या आईची दिवाळी सांगते. वसुबारस म्हंजे गाय-वासराची पूजा, ती तुमाला म्हाईत हाय. आमच्या डोंगरात त्याच दिवशी वाघबारस. शिवंवर, म्हंजे गावाच्या हद्दीवर, वाघोबाचा दगड हाय, शेंदूर फासलेला. गुरं राखणारी पोरं घरोघर जाऊन तांदूळ, दूध, गूळ मागून आणत्यात. शिवंवरच तीन दगडांची चूल मांडून खीर शिजवायची, पयला घास वाघोबाला. मग खेळ. एकजण वाघ व्हतो. बाकीची पोरं काठ्या आपटीत त्याच्यामागं पळत्यात आन् विचारत्यात, "येशील का आमच्या शिवंत?" वाघानं म्हणायचं, "न्हाई येणार!" तीनतीनदा म्हणवून घ्यायचं. बास. गुरं वर्सभर सुखात. पूजा कसली, करार हाय तो. तू तिकडं राहा, आमी इकडं राहतो.

वाघ कायम पोरगाच. सलग दोन वर्सं माझा थोरला भाऊ. त्याच्या अंगावर कोळशाचे पट्टे वढलेले बघून माझा जीव खालीवर व्हायचा. आई म्हणायची, "जळकी मेली, ह्या पोरीला कुणाचं काय बघवंल तर शपथ!" खरंच व्हतं. मी रडून, लोळून, खिरीला तोंड न लावता एकदा वाघ झाले. कोळसा मीच फासला. पळाले, गुरगुरले, दगडावर चढले. पोरांनी काठ्या आपटल्या.

"येशील का आमच्या शिवंत?"

एवढं भांडून वाघ झालेली मी. न्हाई कशाला म्हणू? मी छाती काढून वरडले, "येणार!"

असं कुणी कधी म्हणलं न्हव्हतं. म्हातारी माणसं दगडाकडं बघाया लागली. आईनं येऊन अशी थोबाडीत ठिवून दिली की कोळशाचा पट्टा तिच्या हाताला आला. "न्हाई म्हण! न्हाई म्हण आधी!" मी न्हाई म्हणलं. खीर परत शिजवली. पुढं मला कुणी वाघ केलं न्हाई.

हे तनूला सांगावं असं मला कधी वाटलंच न्हव्हतं. ह्याचं पुस्तक नसतं, म्हणून ही सांगायची गोष्टच न्हाई, असं मला वाटायचं. उटणं ही गोष्ट. बर्फ ही गोष्ट. आन् माझी आई, तिचा कोयता, तिची खीर, ती थोबाडीत, हे काय? हे नुसतं गावाकडलं. मीच तनूच्या मनातली ती जागा रिकामी ठिवली आन् कुणीतरी पाला घेऊन आलं.

शनिवार उजाडला. आईनं लग्नात दिलेलं हिरवं लुगडं पेटीतनं काढलं, काष्टा घातला आन् शाळेत गेले. तनू माझ्याकडं बघून म्हणली, "पाला कुठंय?" मी तिचा हात घट्ट धरला.

हॉलमधी आईबाप जमलेले. शर्वरी मॅडम उटण्याच्या पुस्तकासाठी नऊवारी नेसून, नथ घालून. दिसत व्हत्याबी देखण्या, आग लागो. हातात हिरव्या क्रेप पेपरचा घागरा आन् पिसांचा मुकुट. प्रत्येक पान कात्रीनं कातरलेलं. लई मेहनत घेतली व्हती बिचारीनं.

मोठ्या मॅडम हळूच म्हणल्या, "ताई, हे काय? ड्रेस कुठंय?"

"हाच ड्रेस."

मी पुस्तक शर्वरी मॅडमच्या हातात दिलं. "हे पुस्तक मी वाचणार नाही."

"का?"

"ह्यात माझं कुणी नाही."

मोठ्या मॅडम पालकांकडं बघून हसल्या आन् दात तसेच ठिवून मला म्हणल्या, "अहो, मुलांसाठी आहे ते. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"मुलांसाठी आहे म्हणूनच."

तोंड उघडलं व्हतं, आता मिटायचं नाव काढीना. मी पोरांच्या गोलात जाऊन उभी राह्यले आन् म्हणलं, माझ्या सणाचं पुस्तक नाही, पण खेळ आहे. खेळ सांगितला. शीव म्हणून सतरंजीची कड दाखवली. "वाघ कोण होणार?"

कुणी उठलं न्हाई. वाघ म्हणल्यावर दोघातिघांनी बोटं तोंडात घातली. मी तनूकडं बघितलं. वाटलं, माझी पोर उठंल. कुणाची पोर हाय! पण तनू माझ्याकडं बघतच न्हव्हती. ती शर्वरी मॅडमकडं बघत व्हती. उठू का म्हणून.

तेवढ्यात दुसरीच उठली. रेवा, शर्वरी मॅडमची लेक. "मी वाघ!" सतरंजीच्या पल्याड जाऊन गुरगुरायलाबी लागली. मी शिकवलं तशी बाकीची पोरं वरडली, "येशील का आमच्या शिवंत?" रेवा नाचली, "नाही येणाऽऽर!" हॉल दणाणला. परत विचारलं. ज्यांची बोटं तोंडात व्हती, त्यांनीबी बोटं काढली आन् जमिनीवर हात आपटले. "रेवा, इकडे ये बाळा," शर्वरी मॅडमनी हाक मारली. रेवानं वळूनबी बघितलं न्हाई. ती माझ्याकडं बघत व्हती, अजून म्हणा म्हणून.

शर्वरी मॅडमच्या तोंडावर तवा जे आलं, ते मी लगीच वळखलं. माझ्या आरशात रोज असतं. मला वाटायचं मला तिची दिवाळी पायजे. उटणं पायजे, नथ पायजे. खोटं. मला एवढंच पायजे व्हतं, की एकदा तरी तिनं माझ्यावर जळावं. माझ्याकडं जळण्यासारखं काय तरी हाय, हे मला कळावं.

ते सुख टिकलं किती? मोठ्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "बास, बास! पालक घाबरतील. चला, दिवाळी!" पोरं वळली. पोरंच ती. शर्वरी मॅडम खाली बसल्या, पुस्तक उघडलं, आन् तनू जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. नथीला बोट लावून बघायला लागली. झाडपाल्याचं पुस्तक कुणीतरी वर्गाच्या फळीवर ठिवलं, कव्हर पोरांना दिसंल असं. मी माझ्या लुगड्यात भिंतीला टेकून उभी. परत ताई. एका पोराचा डबा सांडला आन् सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी डबा उचलला न्हाई. पयल्यांदाच.

कार्यक्रम उरकल्यावर हाफिसात बोलावणं आलं. मोठ्या मॅडम खुर्चीत, शर्वरी मॅडम खिडकीशी. मला बस म्हणलं न्हाई कुणी.

शर्वरी मॅडम म्हणल्या, "ताई, माझा तसा हेतू नव्हता."

"नसेल," मी म्हणलं. "पण माझ्या मुलीला आता तिची आजी पाल्यातच दिसते."

त्यांनी खाली बघितलं. वाईट वाटलं असंल त्यांना, मला त्याचं काय करायचंय?

मोठ्या मॅडमनी सरळच सांगितलं. "हे बघा. सुट्टीनंतर ते पुस्तक तुम्ही वर्गात वाचायचं. शाळेनं निवडलेलं पुस्तक आहे. जमत नसेल तर तुमची वाट मोकळी आहे, डोंगरात शाळा काही कमी नाहीत. मग? येणार आहात का दिवाळीनंतर?"

काठ्या आपटल्यावानी झालं मला. तोच सवाल. आन् माझ्याकडनं कोणता जबाब पायजे तेबी ठरलेलं. मुकाट्यानं न्हाई म्हणायचं, न्हाईतर पाला नेसून हो म्हणायचं.

"येणार," मी म्हणलं.

"म्हणजे वाचणार?"

"नाही. वाचणार नाही. येणार."

मी दार वढून घेतलं आन् तनूला घेऊन घरी आले.

नोकरी राहील का जाईल, मला म्हाईत न्हाई. पण ती त्यांनी काढायची, मी सोडायची न्हाई. सुट्टी संपली की मी वर्गात असणार, आन् ते पुस्तक फळीवर दिसलं तर रोज काढून मोठ्या मॅडमच्या टेबलावर ठिवणार. परत ठिवलं तर परत काढणार. पुढच्या साली खोकी उघडतील तवा सतरंजीवर बसणार न्हाई, खुर्ची वढून बसणार. वाघबारशीचं हाय का म्हणून विचारणार. न्हाई म्हणले तर त्याच्या पुढच्या सालीबी विचारणार. आन् जळायचं मी सोडणार न्हाई. जळणं गेलं की मी निवांत हसायला लागीन, झाडपाला नेसून. मला भ्या त्याचंच हाय.

वाघबारशीला तनूला घेऊन वर चाललेय. ती तोंड वाकडं करून बसलीय, वर्गातनं सुट्टीपुरतं आणलेलं उटणंवाल्या आजीचं पुस्तक मांडीवर घेऊन. असू दे. ह्या साली शिवंवर वाघ तीच व्हणार. पोरं कुरकुरली तर कुरकुरू देत. कोळशाचे पट्टे मी माझ्या हातानं वढणार. आई थोबाडीत द्यायला उठली, तर मधी मी उभी.

आन् काठ्या आपटीत पोरांनी विचारलं, येशील का आमच्या शिवंत, तर काय म्हणायचं, ते मी तनूला आत्ताच शिकवून ठिवलंय.